सही ठेवली, टेबल काढलं

माझ्या वडिलांची सही हा आमच्या गावाचा मान होता. असं म्हटलं की लोकांना वाटतं सरपंच असतील, नाहीतर तलाठी. तसलं काही नव्हतं. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोडं आत कंटेनर ठेवायचं एक मोठं यार्ड होतं. बंदरातून आलेले कंटेनर तिथे उतरायचे, कस्टमवाले ते तपासायचे, यार्डाचं भाडं भरलं जायचं आणि मग मालकाचा ट्रेलर येऊन आपापला कंटेनर घेऊन जायचा. बाहेर पडायच्या फाटकापाशी पत्र्याची एक केबिन होती. तिच्यात बाबा बसायचे. ड्रायव्हर गेटपास घेऊन खिडकीशी यायचा, बाबा त्यावर सही करायचे आणि मगच फाटक उघडायचं.

कामाच्या दृष्टीने या सहीला काडीचा अर्थ नव्हता. कस्टमची सही त्याआधीच झालेली असायची, भाड्याची पावती जोडलेली असायची. पण ते यार्ड आमच्या गावाच्या भातशेतीवर उभं होतं. जमीन घेताना कंपनीची माणसं देवळात बोलणी करायला आली, तेव्हा माझा थोरला चुलता गावाच्या वतीने बोलत होता. काका म्हणाला, पैसे काय, येतील आणि जातील. आमच्या जमिनीवरून गाडी बाहेर पडायची तर आमच्या माणसाला विचारून पडली पाहिजे. कंपनीच्या माणसांनी लगेच मान डोलावली. एका सहीने त्यांचं काय जाणार होतं? मग माणूस कोण बसवायचा, यावर चर्चा झाली. सगळ्यात मोठा तुकडा आमचा गेला होता आणि बाबा जुने मॅट्रिक. झालं, गावाने त्यांनाच बसवलं.

काही दिवसांनी कळलं की सही म्हणजे नुसता मान नाही, हत्यार आहे. कंपनीने एकदा गावची काही पोरं कामावरून काढली. काकाने बाबांना निरोप धाडला, घरी ये. बाबा घरी आले आणि ट्रेलरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. संध्याकाळी पोरं परत कामावर. त्या दिवसापासून गावातलं कुणीही बाबांना नुसतं नावाने हाक मारेनासं झालं. लग्नात पहिलं ताट त्यांचं. पण ताटावर बसायला बाबा असायचे कुठे? फाटक उघडं असेपर्यंत त्यांना केबिन सोडता यायची नाही. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला ते पोचले तेव्हा नाचून दमलेली माणसं जेवायला बसली होती. मोरा बंदराच्या गावात आमची आत्या दिली होती, ती आजारी पडून गेली. बाबांना तिच्या दहाव्यालाही जाता आलं नाही. गावात सगळे म्हणायचे, माणूस असावा तर असा, गावासाठी घर विसरला. मीही तेच समजत होते. उलट मी त्यांची थट्टा करायचे, बाबा, तुमच्यापेक्षा टोलनाका बरा, तिथे निदान पाळी तरी बदलते. ते हसायचे. फार नाही, थोडंसं.

माझं शिक्षण त्याच जमिनीच्या पैशावर झालं. इंजिनिअरिंग केलं, वर आणखी दोन वर्षं करून कॉम्प्युटरमध्येच पुढची पदवी घेतली. आमच्या गल्लीत एवढं शिकलेलं कुणी नव्हतं, मुलगी तर नाहीच. त्या पदवीसाठी मी जो विषय घेतला तो कुणाला सांगितला की समोरचा हळूच उठून जायचा. पण तो कळल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

समजा दहा यार्डं आहेत. काम सगळ्यांचं सारखंच, पण अगदी तंतोतंत सारखं नाही. एकाकडे वजनकाटा आहे, दुसऱ्याकडे नाही. एकाकडे धूर देऊन किडे मारतात, दुसरा त्या भानगडीत पडत नाही. दहा जणांना दहा सॉफ्टवेअर लिहून देणं परवडत नाही. मग काय करतात, तर सगळ्यांच्या सगळ्या पायऱ्या घातलेला एकच मोठा आराखडा बनवतात आणि प्रत्येक यार्डाला विचारतात, यातलं तुम्हाला काय हवं, काय नको. हवं त्याच्यापुढे खूण करा. आता गंमत अशी की प्रत्येक खूण एकेकटी बरोबर असते आणि सगळ्या मिळून घात करतात. कारण एक पायरी दुसरीची वाट बघत असते. तुम्ही दुसरी काढून टाकलीत आणि पहिलीला ते सांगितलंच नाहीत, तर ती बसते वाट बघत जन्मभर. ना पुढे, ना मागे. कागद तिथेच अडकतो.

हे मी आईच्या स्वयंपाकघरात बसून तपासायचे. आई बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत असायची, त्यातले मूठभर मी उचलायचे. फरशीवर खडूने वर्तुळं काढायची, मधे चौकोन. चौकोन म्हणजे काम, वर्तुळ म्हणजे कागद थांबायची जागा. नियम एकच. चौकोनाच्या अलीकडच्या प्रत्येक वर्तुळात वाल असला तरच ते काम होणार. झालं की तिथले वाल उचलायचे आणि पलीकडच्या वर्तुळांत ठेवायचे. शेवटच्या वर्तुळात वाल पोचला म्हणजे गाडी सुटली. मधेच कुठे अडून बसला की समजायचं, घोडं इथे पेंड खातंय. आईला आधी वाटलं पोरीचं डोकं फिरलं. मग ती म्हणायची, खेळ काय तो खेळ, पण वाल धुऊन परत टाक.

फरशीवर एक-दोन वाटा तपासता येतात. खऱ्या आराखड्यात वाटा इतक्या की माणूस म्हातारा होईल. त्यासाठी गणिती पद्धती आहेत. आराखडा काटेकोर नियमांत लिहायचा आणि मशीनकडून सगळ्याच्या सगळ्या शक्यता तपासून घ्यायच्या. एकही सुटता कामा नये, कारण जी सुटेल तिथेच नेमकं कुणाचं तरी मरण असतं. त्याच्याही पुढचं म्हणजे गिऱ्हाईक एक खूण करतं न करतं तोच, तिच्यामुळे ज्या खुणा आता चालणारच नाहीत त्या समोरून काढून घ्यायच्या. म्हणजे चूक करायला जागाच राहत नाही. मला हे फार आवडायचं. आमच्या घरात, गावात, बाहेर सगळीकडे माणसं अडकलेलीच बघितली होती. कुठलीच गोष्ट अडणार नाही असं छातीठोक सांगता येतं, हे ऐकूनच बरं वाटायचं.

पदवी घेऊन मी नवीन पनवेलमध्ये औषधाच्या दुकानावरच्या एका छोट्या कंपनीत लागले. आमचे सर म्हणजे तिथले मालक, यार्डांनाच सॉफ्टवेअर विकायचे. त्यांचा तो एकच आराखडा आणि खुणांची पानं घेऊन आमचा माणूस यार्डायार्डांत फिरायचा. मी ती तपासणी प्रोग्रॅम म्हणून बनवून सरांना दाखवली. ते म्हणाले, छान आहे, कॉलेजला शोभेल असं आहे. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणाले, पुढच्या वर्षी. इकडे मी तीन वर्षांचा बाँड लिहून दिलेला. पुण्याहून एक बोलावणं आलं होतं, ते सोडून द्यावं लागलं. नोकरी सोडता येत नव्हती आणि ज्यासाठी शिकले ते करता येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रोज सकाळी जिना चढताना मला धाप लागायची आणि ती जिन्याची नव्हती.

आणि अशात आमच्या गावचं यार्ड सरांचं गिऱ्हाईक झालं.

खुणांची पानं भरायला मला नेलं नाही. घरचं माणूस आहे, उगाच वाद नको, असं सर म्हणाले. आमचा माणूस गेला. यार्डाचा मॅनेजर नवीन होता, बाहेरचा, बोलायला मऊ. गावाच्या वतीने काका. तिघांनी मिळून एकेक पान उलटत खुणा केल्या. एका पानावर विचारलं होतं, गावच्या प्रतिनिधीला वेगळं टेबल हवं का? म्हणजे गेटपास त्याच्याकडे पाठवायचा का, त्याने तो मशीनवर बघायचा का. मॅनेजर म्हणाला, आता या वयात त्यांना कशाला कॉम्प्युटरचा त्रास. काकालाही पटलं. टेबल काढलं. पुढे बऱ्याच पानांनंतर दुसरा प्रश्न होता, फाटक उघडण्याआधी कुणाकुणाच्या सह्या लागतात? कस्टमची, भाड्याची आणि गावची. इथे मात्र काका ताठ झाला. गावची सही निघायची नाही. मॅनेजर घाईघाईने म्हणाला, छे छे, ती कशी काढू, तो तर मान आहे. सही ठेवली.

यात कुणाचं चुकलं सांगा. त्रास नको म्हणून टेबल काढलं आणि मान राहावा म्हणून सही ठेवली. दोघेही एकमेकांशी चांगलं वागायला गेले. आपल्याकडे माणसाला कामातून काढतात आणि मानात ठेवतात, घरातल्या म्हाताऱ्यांचं काय वेगळं करतो आपण? पण मशीनला ही रीत कोण सांगणार. त्याच्या लेखी फाटक गावच्या सहीची वाट बघणार आणि सहीसाठी कागद जाणार कुठे, तर कुठेच नाही.

सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सकाळी मी ऑफिसात होते. सरांचा फोन वाजला. त्यांचा चेहरा उतरला. एकही गाडी सुटत नव्हती. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, तू जा, तुझे वडीलच आहेत तिथे, तुझं ऐकतील. ऐकायचं काय होतं यात? जणू बाबाच हट्ट करून बसले होते. पण मी माझा लॅपटॉप पिशवीत घातला आणि सिक्स सीटर पकडून यार्डात गेले.

आतलं दृश्य मी विसरणार नाही. फाटकाच्या आत ट्रेलरामागे ट्रेलर, मागच्याला पुढे जाता येईना आणि मागे फिरायला जागा नाही. इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरले होते. ऊन रणरणत होतं. पहारेकऱ्याच्या मशीनवर प्रत्येक गाडीपुढे एकच ओळ होती, गावची सही बाकी. पास छापला गेल्याशिवाय फाटक उघडलं तर कस्टमच्या लेखी ती चोरी, त्यामुळे तो बिचारा हात लावायला तयार नव्हता. आणि सगळे ड्रायव्हर बाबांच्या खिडकीला वेढा घालून उभे होते. त्यांना काय ठाऊक टेबल आणि सही? त्यांना एवढंच दिसत होतं की म्हातारा पेन घेऊन बसलाय आणि सही करत नाही. कुणी चहापाण्याला विचारत होतं, कुणी हात जोडत होतं, एकाने आईवरून शिवी दिली. बाबा सगळ्यांना एकच सांगत होते, कागद नाय आला. कागद आला की करतो. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी शिवी देणाऱ्याला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि मॅनेजरच्या खोलीत गेले.

तिथे काका आधीच येऊन बसला होता. त्याला वाटत होतं कंपनीने मुद्दाम गाड्या अडवून गावाचं नाव खराब करायचं ठरवलंय. मॅनेजरला वाटत होतं गावाने दबाव आणायला सही रोखली आहे. सर फोनवर होते आणि त्यांना वाटत होतं काहीतरी बटण चुकलंय. मी म्हटलं, कुणी काही केलेलं नाही, तुम्ही केलेल्या दोन खुणा एकमेकींचा गळा धरून बसल्यात. कुणाला कळलं नाही. मग मी माझी इतकी वर्षं पडून राहिलेली तपासणी उघडली आणि त्यांच्या खुणा तिच्यात घातल्या. तिने पापणी लवायच्या आत सांगितलं की या निवडीत एकही गाडी शेवटाला पोचू शकत नाही, आणि कुठे अडते तेही दाखवलं. मॅनेजर खुर्ची ओढून जवळ आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव मी.

आता बाकीच्या सगळ्या खुणा तशाच ठेवायच्या आणि फक्त या दोन बदलायच्या, तर कुठल्या निवडी चालतील, हे मी मशीनला विचारलं. तीन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे टेबलही ठेवा आणि सहीसाठी फाटकही थांबू द्या, जसं आजवर होतं. दुसरी, दोन्ही काढून टाका. आणि तिसरी, टेबल ठेवा, पास बाबांकडे जाऊ दे, ते सही करतील, त्याची नोंदही राहील, पण फाटक त्या सहीसाठी थांबणार नाही.

मॅनेजरला दुसरी वाट हवी होती. काका म्हणाला, मग उद्या सगळं गाव फाटकात बसेल आणि पोरांच्या नोकऱ्यांचं काय ते तू बघ. काकाला पहिली हवी होती. मॅनेजर म्हणाला, एका माणसाला ताप आला तर माझं यार्ड बंद, वरचे लोक मला उभं जाळतील. दोघांचा आवाज चढायला लागला. बाहेर भोंगे वाजत होते. एकाएकी दोघेही माझ्याकडे वळले, फोनवरून सरही. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती उघडत नव्हती. मी सरांची नोकर आणि काकाची पुतणी. मला वाटलं, पळून जावं, पण त्या फाटकातून त्या दिवशी मुंगीसुद्धा बाहेर जात नव्हती.

मला एकच गोष्ट वाचवायची होती. बाबांची सही. ती गेली तर बाबांचं काय राहिलं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. जमीन गेली, शेत गेलं, आता एवढी एक सही. म्हणून मी तिसऱ्या वाटेसाठी भांडले. काकाने विचारलं, सही राहील ना? म्हटलं, राहील. कागदावर येईल ना? येईल. मॅनेजरने विचारलं, गाडी थांबणार नाही ना? म्हटलं, कधीच नाही, गणिताने सिद्ध आहे. प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला आणि दुसऱ्याचा ऐकला नाही. काकाला मान मिळाला, मॅनेजरला मोकळं फाटक मिळालं. फोनवर सर कुणाला तरी अभिमानाने सांगत होते की आमच्याकडे गणिती सिद्धता असते, इतरांकडे नसते. हसावं की रडावं कळेना.

मग काकाने हुशारी केली. त्याला कंपनीचा भरवसा नव्हता. त्याने तिथल्या तिथे लिहून घेतलं की ही निवड गाव आणि कंपनी दोघांच्या संमतीशिवाय बदलायची नाही. खाली मॅनेजरची सही, काकाची सही आणि ही निवड तपासलेली आहे आणि बरोबर आहे, म्हणून माझी सही. मी खुणा बदलल्या. पास छापले जायला लागले. काकाने फाटकावर नारळ फोडला आणि पहिला ट्रेलर हलला. ड्रायव्हरांनी मला हात केला. बाबांच्या केबिनमध्ये ऑफिसातून आणून बसवलेल्या छोट्या प्रिंटरमधून एकेक पास बाहेर पडत होता, बाबा चष्मा सारखा करत सही करत होते आणि गाड्या जात होत्या. लांबून बघताना सगळं आधीसारखंच दिसत होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच काकाच्या हातातली खोबऱ्याचं भलं मोठं शकल खाल्लं. पहिल्यांदा माझं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं, आणि तेही माझ्या बापाच्या.

संध्याकाळी बाबा स्कूटरवरून मला घरी घेऊन आले. वाटेत काही बोलले नाहीत, पण ते स्कूटरवर कधीच बोलायचे नाहीत. आईने चहा टाकला. मी पाय पसरून बसले आणि सगळं सविस्तर सांगितलं, काका कसा अडला, मॅनेजर कसा नरमला, तीन वाटा कशा निघाल्या. आईला कौतुक वाटेल म्हणून थोडं तिखटमीठही लावलं. बाबा बशीत चहा ओतून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"म्हंजे गाडी आता माझ्यासाठी थांबणार नाय."

"नाय थांबणार. तुमाला आता कोणी शिव्या पन नाय देणार, बाबा."

"आनि मी उद्या नाय गेलो तं?"

"जावं तर लागेल. टेबल ठेवलंय ना आपण. कागद येतच राहतील. सही झाली नाय तर नोंदीत गाव गैरहजर दिसेल, मग काका बोलेल."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"गाडी सुटली मंग. मी नाय सुटलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी तुला आत जाताना बघितलं, तवा बरं वाटलं. बोललो, आता पोरगी आपल्याला सोडवल."

आई चुलीपाशी उभी होती, तिला यातलं काहीच नवं नव्हतं. तिने मग सांगितलं. मोऱ्याची आत्या शेवटच्या दिवसांत होती तेव्हा बाबा काकाकडे गेले होते. म्हणाले होते, मला उठव आता, दुसरा कुणी बसव, बहिणीला बघून येतो. काका म्हणाला होता, तुझ्याशिवाय गावाला आहे कोण, तू उठलास तर कंपनी उद्या सहीच काढून टाकेल आणि पोरांच्या पोटावर पाय येईल. मग बाबांनी परत कधी विचारलं नाही. केबिनचा पत्रा तापला की त्यांना उलट्या व्हायच्या, तेही आईलाच ठाऊक. आणि मी त्यांना टोलनाका म्हणत होते.

मला भयंकर राग आला. काकाचा आला, मॅनेजरचा आला, पण सगळ्यात जास्त बाबांचाच आला. तोंड उघडायला काय झालं होतं? खिडकीतून एक शब्द टाकला असता तर मी दुसरी वाट निवडायला लावली असती, गाव बसलं असतं फाटकात तर बसू दे. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले, आवाज चढवून बोलले. बाबा म्हणाले, मी कसा बोलणार, मला गावानं बसवलाय. ते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो इतकी वर्षं आमच्याच घरात चालला होता आणि मी बाहेरून त्याला मान समजत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाबांच्या टेबलापुढची खूण काढून पाहिली. तपासणीने लगेच सांगितलं, चालेल, काहीच अडत नाही. आदल्या दिवशी जेवढ्या तत्परतेने हो म्हणाली होती तेवढ्याच तत्परतेने. बाबा केबिनमध्ये बसले काय आणि घरी बसले काय, तिला दोन्ही बरोबरच होतं. मी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, माझी काही हरकत नाही, पण गाव आता कुठे शांत झालंय, तेवढं काकांकडून लिहून आणा. मी काकाकडे गेले. पडवीत खाटेवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी बाबांच्या उलट्यांचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, रडलेही. काकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मायेनेच ठेवला, तेच तर वाईट.

"अगं, काल तूच लिहून दिलंस ना, की हेच बरोबर हाय म्हणून," तो म्हणाला. "आता तुझंच लिहिलेलं मी कसं मोडू?"

मी खूण परत लावली. बाबा यार्ड बंद होईपर्यंत त्या केबिनमध्ये जात राहिले, कागद येत राहिले आणि ते सह्या करत राहिले. त्या सगळ्या वर्षांत एकही गाडी अडली नाही.